अप्पांजवळ बसण्याचे तास

प्रिय भोपळ्या,

फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकू नकोस, अप्पा ठीक आहेत. फोनवर तू मध्येच तोंड घालतोस, आणि मी चिडले की मुद्दा सोडून तुझ्या लहानपणापर्यंत जाऊन पोचते. पत्रात निदान शेवटपर्यंत तुला ऐकून घ्यावं लागेल. शेजारच्या काकू महिनाअखेरीस लेकीकडे कायमच्या राहायला जाणार, मग मी ऑफिसात असताना अप्पांकडे बघायचं कोणी, म्हणून मी नोकरी सोडायची असं आपण ठरवलं. ठरवलं म्हणजे तू म्हणालास आणि मी हो म्हटलं. त्याबद्दलच लिहायचंय, पण आधी घरची खबरबात.

अप्पांचा डावा हात अजून तसाच आहे. उजव्यानं मात्र ते दिवसभर चादरीची कड चाचपत असतात, आणि शिवण उसवलेली लागली की कपाळाला आठ्या. शिंपीपणा काही सुटत नाही त्यांचा. परवा माझ्या नव्या कोटाची बाही ओढून म्हणाले, हा शिवलाय की चिकटवलाय? खोलीत कुणी असलं की ते शांत असतात. मी पाणी आणायला उठले तरी त्यांची नजर दारापर्यंत माझ्यामागे येते, आणि एकटे राहिले की उठायला बघतात. मागे पडले ते असेच. म्हणून ऑफिसातून आले की मी त्यांच्याजवळ बसते. सुट्टीला तर दिवसभर. मांडीवर पुस्तक असतं, पान काही उलटत नाही.

आता ऑफिस. ताई सरकारच्या बेरजा करते, असं सगळ्यांना सांगून तू मोकळा होतोस, म्हणून एकदा नीट सांगते. भूक नको, पाणी स्वच्छ हवं, मुली शाळेत हव्यात, अशी शाश्वत विकासाची ध्येयं गाठायचं आपल्या देशानं कबूल केलंय. आपण कुठवर आलो ते आमचा विभाग मोजतो. आमच्या दालनात एक भलामोठा फलक आहे. त्यावर एकेका गोष्टीपुढे बाण लावलेला असतो. पुढे चाललो असू तर हिरवा, रेंगाळलो तर पिवळा, मागे सरकलो तर लाल. माझ्याकडे बायकांच्या बिनपगारी घरकामाचा बाण आहे. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलं, आजारी माणसं, यात बायकांचे किती तास जातात आणि पुरुषांचे किती, हे घरोघरी विचारायचं आणि मोजायचं. वर्षानुवर्षं पिवळा असलेला माझा बाण यंदा पहिल्यांदा हिरवा झाला. बायकांचे तास चांगलेच खाली आले होते. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि खोटं कशाला बोलू, मीही जरा फुशारले.

त्यानंतर पुढच्या पाहणीसाठी नवी भरती झाली. नव्या मुलामुलींनी बाहेर पडण्याआधी आमच्याच घरी येऊन सराव करायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. रविवारी आपल्याकडे एक चुणचुणीत मुलगी आली. अप्पांनी आधी तिच्या पिशवीचा बंद ओढून बघितला, मगच तिला बसू दिलं. काल दुपारी काय केलंत, तिनं विचारलं. मी म्हटलं, अप्पांजवळ बसले होते. आणि संध्याकाळी? बसले होते. अप्पाही माझ्या मदतीला धावले. म्हणाले, ही काही करत नाही हो, नुसती माझ्याजवळ बसलेली असते. इतक्या मायेनं म्हणाले की मला हसू आलं.

सरावाचे फॉर्म तपासायचं काम माझ्याकडेच असतं. माझ्या फॉर्मवर दुपारपुढे आणि संध्याकाळपुढे तिनं लिहिलं होतं, विश्रांती. मी लाल पेन उचललं, नियमांची नवी पुस्तिका उघडली, तर पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. भरवलं, अंग पुसलं, तर ते काम. नुसतं बसलं तर विश्रांती. मग यंदाच्या पाहणीचे गठ्ठे उपसले. सासऱ्यांजवळ बसले होते, विश्रांती. तापलेल्या मुलाजवळ बसले होते, विश्रांती. जुन्या पुस्तिकेत हे सगळं कामात धरलेलं होतं. नवीत ते गळलं आणि बायकांचे तास उतरले. भोपळ्या, देश कुठेही पुढे गेला नव्हता. आधी मला हसू आलं, मग राग आला, मग टेबलाशीच रडू आलं. गेलं वर्षभर मी स्वतःलाच विचारत होते की काहीही न करता मी एवढी दमते कशी.

साहेबांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. अहवाल तोंडावर आलाय, बाण हिरवा आहे, कशाला खाजवून खरूज काढायची, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, साहेब, एक रविवार आमच्या अप्पांजवळ बसून बघा. साहेबांची स्वतःची आईही अंथरुणाला खिळलेली आहे, आणि तिच्याजवळ त्यांची बायको बसते. मग उठून त्यांनी स्वतःच बाण उतरवला. आता ती जागा रिकामी आहे. सगळे फॉर्म पुन्हा तपासायचेत आणि हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही, असं साहेब म्हणाले. मलाही तसंच वाटतं.

तर पत्र यासाठी. राजीनामा लिहून ठेवला होता, तो दिला नाही आणि देणारही नाही. अहवाल निघेपर्यंत तू इथे येऊन राहा. तुझं काम कुठूनही होतं, हे तूच कौतुकानं सांगत असतोस. खोली झाडून ठेवलीय, टेबल अप्पांच्या पलंगाशी लावलंय. काम करता करता लक्ष ठेवीन म्हणशील, तर बघ जमतंय का. मला वाटतं थोडी रजा काढूनच ये. काकू जायच्या आधी आलास तर अप्पांना सवय होईल. त्यांना मी सांगून टाकलंय, तेव्हापासून रोज सकाळी विचारतात, आला का तो? त्या दिवशी फोनवर तू म्हणालास, ताई, त्यात अवघड काय आहे, अप्पांजवळ नुसतं बसायचंच तर असतं. फार लागलं मला ते. आता राग नाही. ये, आणि त्यांच्याजवळ बस. तुझा एकेक तास मी कामात धरीन.

तुझीच,
अजून नोकरीवर असलेली
ताई