सासूबाईंना एप्रन

सोमवार, ३ मार्च
शनिवारच्या नोंदीत चूक आहे. 'पेशंटला दिवस गेलेत का ते विचारलं, मगच कमरेचा एक्स-रे काढला' असं मी लिहिलं. विचारलं ते पेशंटच्या सासूला, कौशल्याबाईंना. शब्दही वेगळे होते: "काही विशेष?" त्या म्हणाल्या, "इशेष काय, कंबर दुखती म्हनं. नवी नवरी हाय, कामाचा कटाळा." सून, संस्कृती, फरशीकडे बघत होती. बाकी नोंद बरोबर.

मंगळवार, ४ मार्च
आजपासून नियम. बाईला आत एकटीला घ्यायचं, स्पष्ट विचारायचं. एक्स-रे सेंटर काकांचं, डिप्लोमाच्या आधी मशीन मी त्यांच्याकडेच शिकले. ते म्हणाले, "शिवकन्या, फोटो काढ. मुलाखत घिऊ नगं."
पहिल्याच पेशंटची सासू बाहेर जाईना. "कावून जाऊ? सून माझी हाय." शेवटी किरणं अडवणारा शिशाचा एप्रन सासूला घातला. एकीला तरी पूर्ण संरक्षण मिळालं. सुनेचा फक्त गुडघा होता, म्हणून प्रश्न लागू नव्हता.

गुरुवार, ६ मार्च
बोर्ड लावला: 'गरोदर असल्यास आधी सांगा.' काका म्हणाले, "भाईर गडीमाणसं बसत्यात, काय वाटंल त्यांला?" बोर्ड आत, कपाटामागच्या भिंतीवर गेला. पेशंटला दिसत नाही, मला दिसतो. विचारायचं तर मलाच आहे.

शनिवार, ८ मार्च, दुपार
महिला दिन. चांगला मुहूर्त. संस्कृती परत आली; डॉक्टरांना कमरेचे अजून दोन फोटो हवेत. टेबलावर झोपताना हळूच म्हणाली, "ताई, मला या महिन्यात..." दारातून कौशल्याबाई, "काय गं?" "काय न्हाई."
मला सगळं कळलं. म्हणजे विचारायची गरजच उरली नाही. बटण दाबलं नाही. मशीन बिघडलंय, सोमवारी या, म्हटलं. या आठवड्यातलं माझं सर्वांत मोठं काम.

संध्याकाळ
काका तणतणत आले. चालू मशीन बंद सांगून गिऱ्हाईक घालवलं म्हणे. कौशल्याबाईंनी केजच्या एसटी स्टँडजवळ दुसऱ्या सेंटरवर सुनेचे दोन्ही फोटो काढून घेतले. एक हलला, म्हणून तिसराही. "तितं कुनी काय इचारत न्हाई," असं काकांजवळ कौतुकही केलं.
एक शब्द विचारायला काय जात होतं तिथल्या माणसाचं? लोकांना जबाबदारीच नाही.
संस्कृतीला आणि डॉक्टरांना सांगायला हवं. डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला. घरचा फोन कौशल्याबाई उचलतात. उद्या रविवार, त्या घरीच. परवा शेतावर जातील. तेव्हा तिला एकटीला गाठून स्पष्ट विचारणार. सोमवारी, १० मार्चला.