पहिल्या दिवशीची थुंकी

गुरुवार, १४ जुलै २०११

टीबीच्या गोळ्या लागू पडेनात, तेव्हापासून दादाला खात्रीच आहे की मी त्या चुकवल्या. रोज समोर बसवून गिळायला लावतो, वर तोंड उघडून दाखव म्हणतो! मी काय बालवाडीत आहे? आयटीत नोकरी करते मी.

आज डॉक्टर म्हणाले, जंतूच्या जनुकातच बदल आहे, म्हणून औषध चालत नाही. राखून ठेवलेल्या पहिल्या दिवशीच्या थुंकीतही तोच बदल सापडला. म्हणजे मी पहिली गोळी गिळण्याआधीच! जंतू तसाच आला माझ्याकडे. कुणाकडून, कोण जाणे.

दादाला सांगितलं. म्हणाला, "मग आता काय, माफी मागू?"

"माग," म्हटलं.

उठून आत गेला. जाऊ दे. नव्या गोळ्यांतली एकही चुकवणार नाही. तोंड उघडून मात्र दाखवणार नाही, बघू काय करतो ते.