पाहुणे येणार म्हणून धुतलेलं गटार

ओगिसाकी,
१४ एप्रिल

चि. कियोहारूस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, आणि नसलास तरी आवाज मीटिंगमधलाच असतो. म्हणून लिहिते. पत्राला मधेच तोडून 'नंतर बोलू' म्हणता येत नाही.

तुमच्या जिल्हा कचेरीचा सांडपाण्याचा आराखडा आळीच्या सूचनांच्या फिरत्या पाटीबरोबर घरोघर आला. कागद काय गुळगुळीत! वर स्वच्छ ओहोळात पोहणाऱ्या लाल-पांढऱ्या माशांचा फोटो, कुठल्या स्वर्गातला आहे देव जाणे. आत नकाशा. ज्या आळ्यांना सरकार नव्या टाक्या बसवून देणार त्या हिरव्या, आणि ओगिसाकी राखाडी. राखाडी म्हणजे 'सुधारणेची निकड नाही', असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय. ज्याने हा रंग भरला त्याला नाक आहे की नुसतंच चष्मा अडकवायला ठेवलंय?

तू इथेच वाढलास, तुला काय सांगायचं. आमच्या जुन्या टाक्यांत जातं फक्त संडासाचं. न्हाणीचं, मोरीचं, कपड्यांचं पाणी सरळ गटारात, आणि गटार सरळ तळ्यात. तळाचा चिखल काळा झालाय. माझी नात्सुहो पहाटे होडी घेऊन जाते, लांब दांड्याचं दाताळं ओढते, आणि टोपलीत निम्म्या तिसऱ्या, शिंपल्यांची तोंडं उघडी, मेलेल्या. तिचे बाबा गेल्यावर पोरीने शहरातली नोकरी सोडून ही होडी धरली. आता पलीकडच्या काठाचा एक जण होडी विकत मागतोय, गळ टाकणाऱ्या हौशी लोकांना फिरवायला. ती म्हणते की आळी आराखड्यात आली तर थांबेन, नाहीतर शरद ऋतूच्या आत होय म्हणून टाकेन. ती गेली तर या घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ.

तेव्हा तो राखाडी रंग कुणी दिला ते शोध आणि कळव. तब्येतीला जप. ताईवर माया असेल तर ती कामातून दिसू दे.

तुझी,
तोमिएताई


जिल्हा कचेरी, सांडपाणी नियोजन विभाग,
२ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि लहानपणी कान धरायचीस तो कान दुखला. राखाडी रंग कुणी दिला हे शोधायला लांब जावं लागलं नाही. मीच दिला.

रागावण्याआधी ऐक. आम्ही वासावर आराखडा करत नाही, आकड्यांवर करतो. गेल्या सप्टेंबरात आमची माणसं तालुक्यातल्या प्रत्येक आळीच्या गटाराचं पाणी बाटलीत भरून घेऊन आली. सगळ्यात स्वच्छ पाणी निघालं ओगिसाकीचं. प्रयोगशाळेने चूक समजून दोनदा तपासलं. आणि मुखपृष्ठावरचा तो स्वर्ग म्हणजे तुमचंच गटार आहे, ताई, आळीच्या कुरामोची अध्यक्षांच्या कुंपणाखालचं. गटारात मासे खेळतात असं दुसरं गाव जिल्ह्यात नाही, म्हणून साहेबांनी तोच फोटो निवडला. सरकारी पैसा जिथे घाण आहे तिथे आधी जाणार; तुमच्या आळीला टाक्या देणं म्हणजे धुतलेल्या ताटाला पुन्हा साबण लावणं.

वास येत असेल तर वरच्या गावातल्या डुकरांचा असेल. तुला लहानपणापासून सगळ्यातच वास यायचा. माझ्या लग्नातल्या भातालाही आला होता. नात्सुहोचं मात्र मनाला लागलं. तिला सांग, घाई करू नकोस म्हणावं.

थंडी गेली तरी गुडघे झाकून बस. राग ओसरला की आठवण काढ.

तुझा धाकटा,
कियोहारू


ओगिसाकी,
९ मे

चि. कियोहारूस आशीर्वाद. आज जरा कमीच. वि. वि.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, आणि मग खाली बसून हसले. नात्सुहो स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं आईचं डोकं फिरलं.

अरे शहाण्या, तुम्ही येण्याआधी कळवलं होतं ना? दहा दिवस आधी, शिक्क्यानिशी, अध्यक्षांना? मग झालं तर! कुरामोचीने लगेच पाटी फिरवली होती की, जिल्ह्याहून पाहुणे येताहेत, आळीची लाज राखायची आहे. आदल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या दारापुढचं गटार घासायचं. पाहुण्यांच्या दिवशी दुपारपर्यंत कुणी न्हायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत, तांदळाचं पाणीसुद्धा मोरीत ओतायचं नाही. आणि सकाळी ओढ्याला पाइप लावून गटारातून ताजं पाणी सोडायचं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या ओशिगे आजी कंबर वाकलेली असताना भांड्यांचं पाणी बादलीने परसातल्या मुळ्यांना घालत होत्या. मीही ब्रश घेऊन गुडघ्यावर बसले होते. पाणी मोजायला येणाऱ्यासाठी पाणी धुऊन ठेवणारी माणसं पृथ्वीच्या पाठीवर आणखी कुठे असतील तर मला दाखव.

आणि ते मासे! ते कुरामोचीच्या अंगणातल्या हौदातले आहेत. गटार सुनं दिसतं म्हणून त्याने जाळी लावून सकाळी सोडले, संध्याकाळी परत उचलले. त्यातला एक तेवढ्यातही मेला. तुमची पदवीधर माणसं गटारात शोभेचे मासे बघतात, त्यांना शंका येत नाही, वर फोटो काढतात! त्यांना चहा आणि सुकवलेली पर्सिमनची फळं चारली होती म्हणे. बाटली भरून घेऊन गेली, अक्कल मात्र इथेच राहिली.

एकदा न सांगता या. कुठल्याही मंगळवारी. लग्नातला भात करपलेलाच होता.

जपून राहा. लोभ आहे, पण सध्या पातळ झालाय.

तुझी,
तोमिएताई


जिल्हा कचेरी,
२६ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी साहेबांना दाखवलं नाही, फक्त त्यातलं सांगितलं. त्यांनी मुखपृष्ठ उलटं करून ठेवलं. मग म्हणाले की पाच हजार प्रती छापून झाल्यात. यापलीकडे त्या माणसाला काही दुखलं असेल असं वाटत नाही. अशा माणसाच्या हाताखाली मी बावीस वर्षं काढली.

मला लाज वाटते आहे, ताई. मी त्याच गटारात कागदाच्या होड्या सोडल्या होत्या आणि आईचा मार खाल्ला होता. त्या आकड्यांवर मी कसा विश्वास ठेवला?

न सांगता येता येत नाही, नियम तसा आहे. पण आराखड्यावर हरकत घ्यायची मुदत ऑगस्टअखेर आहे. आळीच्या अध्यक्षांनी अर्ज केला तर पाणी पुन्हा तपासता येईल. त्या दिवशी सगळ्यांनी रोजच्यासारखं न्हावं, धुवावं, रांधावं, एवढंच. कुरामोचींचा शिक्का कसा मिळवायचा ते तू आणि नात्सुहो बघा. मला त्यांच्यापुढे अजून शाळकरी झाल्यासारखं होतं.

तुझ्या मायेला पात्र ठरायचा प्रयत्न करणारा,
कियोहारू


ओगिसाकी,
१९ जुलै

चि. कियोहारूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

शिक्का मिळाला आणि तपासणीही काल झाली. दोन्ही सांगते.

सभेत कुरामोची म्हणाला की अर्ज करणं म्हणजे आपणच आपल्याला घाणेरडे म्हणवून घेणं. मग या आळीत मुली कोण देणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. इथल्या माना त्यासाठीच असतात. तेव्हा नात्सुहो उठली आणि प्रत्येकापुढे सोयाबीनच्या मिसोच्या साराचा वाडगा ठेवला. तळ्यातल्या तिसऱ्यांचं, त्याच दिवशी काढलेल्या. झाकण उघडलं आणि वास सभाभर पसरला. कुणी वाडगा उचलेना. कुरामोचीने रंग छान आलाय म्हणून पुन्हा झाकण ठेवलं. नात्सुहो गोड आवाजात म्हणाली की तळं स्वच्छ आहे तर काकांनी मान राखावा. तो प्यायला, बरं का! शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि रुचकर आहे म्हणाला. अशी माणसं मरतील पण कबूल करणार नाहीत. दुसऱ्या दिवशी शिक्का मात्र बायकोच्या हातून पाठवला. स्वतःला घरातून निघणं शक्य नव्हतं.

मग ठरलं, तपासणीच्या दिवशी सगळ्यांनी रोजच्यासारखं वागायचं. आणि काल पहाटे मला जाग आली ती ब्रशांच्या आवाजाने. अख्खी आळी गटारात, ओढ्याचा पाइपही सुरू, आणि मोऱ्या बंद! ओशिगे आजींना विचारलं, तर म्हणाल्या की ठरलंय ते खरं, पण माणसं येणार, ती आपल्या दाराशी वाकून बघणार, आणि आपण तसंच ठेवायचं? बाकीच्यांनी ठेवलं असतं तर मीही ठेवलं असतं. प्रत्येकाचं हेच उत्तर. ठरावाला होय म्हणायला सगळे, आणि घाण दाखवायला शेजारी!

माझं डोकंच गेलं. रात्रीचं न्हाणीचं पाणी सोडलं. कपड्यांचं यंत्र दोनदा लावलं. शेवयांचं पाणी, तांदळाचं पाणी, तळणीची कढई, सगळं मोरीत. फेसाची रांगच्या रांग धुतलेल्या गटारातून निघाली आणि सगळी आळी ब्रश हातात धरून बघत राहिली. नात्सुहो हसून हसून पायरीवर बसली. वर्षभरात तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तुझ्या माणसांनी पुष्कळ बाटल्या भरल्या. आता बघ म्हणावं आकडे.

उत्तराची वाट बघते. आज लोभ पूर्ववत.

तुझी,
तोमिएताई


जिल्हा कचेरी,
२१ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. या खेपेला आम्ही चुकू नये म्हणून प्रत्येक घराच्या तोंडाशी वेगळी बाटली भरली होती. ती युक्ती माझीच. बाकीची सगळी घरं स्वच्छ निघाली. घाण तुझ्या भिंतीपासून सुरू होते.

आळी राखाडीच राहिली, पुढच्या फेरआखणीपर्यंत, म्हणजे आणखी पाच वर्षं. आणि तळं खराब करणारं एकमेव घर म्हणून तुझ्या नावे ताकीद निघाली आहे. सोबत जोडली आहे. खाली सही माझी आहे. दुसऱ्याला करू दिली नाही. एवढंच बरं की ताकीद मिळालेल्या घराला टाकी बदलणं सक्तीचं असतं, आणि मग आराखड्यात असो वा नसो, बराचसा खर्च सरकार उचलतं. खणायला माणसं पुढच्या महिन्यात येतील.

मी साहेबांशी भांडलो. ते म्हणाले की आकडे तुमच्याच पद्धतीने काढलेत.

नात्सुहोला काय सांगू? तूच सांग. मला तोंड नाही.

तुझा,
कियोहारू


ओगिसाकी,
३ ऑक्टोबर

चि. कियोहारूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सही केलीस ते बरं केलंस. परक्याच्या हातची शिवी जास्त लागते.

टाकी बसली. खणताना सगळी आळी हात मागे बांधून उभी होती, मयताला उभी राहते तशी. कुरामोची गोड घेवड्याचं सारण भरलेले मोदकासारखे गोळे घेऊन आला आणि म्हणाला की आळीच्या मनात तुमच्याविषयी वाईट काही नाही. मी ते त्याच्यासमोर खाल्ले. ओगिसाकीत आज एकच घर स्वच्छ पाणी सोडतं, आणि जिल्ह्याच्या दप्तरात तेच एक घाणेरडं आहे. तुमच्या आराखड्याला आणि आमच्या आळीला एकमेकांचं स्थळ छान मिळालंय.

नात्सुहोने गेल्या मंगळवारी होडी दिली. भांडली नाही, रडली नाही. म्हणाली की एका टाकीने तळं जगत नाही, आई. दाताळंही त्या माणसाला फुकट देऊन टाकलं. तो म्हणे भिंतीला शोभेसाठी लावणार. शनिवारी ती शहरात गेली. मला फार वाईट वाटतंय, कियो. पहाटे जाग येते आणि करायला काही नसतं.

आणि आता ऐक. गुरुवारी ओशिगे आजी मागच्या दाराने आल्या. इकडचं तिकडचं बोलल्या, मग हळूच विचारलं की माझ्या भावाला सांगून त्यांनाही तसली एक ताकीद मिळेल का. टाकी फुटलीय म्हणे, कधीची. पण पाकिटावर नाव नको. काल मासळीवाल्याची बायको आली, तेच. आज अंधार पडल्यावर कुरामोचीची सून. आणखीही दोघी-तिघी घुटमळताहेत. सगळ्यांना हवीय, फक्त शेजारणीला कळायला नको. होडी गेली आणि आता यांचं वरातीमागून घोडं निघालंय. अडीच महिने आधी एवढीच लाज सोडली असती तर माझी पोर इथे असती.

तरी तू ताकिदी काढ. बाटल्या पुन्हा भरायला माणसं पाठव. या बायका आता स्वतःहून फेस सोडतील, मी बघते. एक एक करून सगळ्या आळीला काढ. पाकिटावर नाव नको असं त्यांचं सगळ्यांचं म्हणणं आहे.

तू मोठ्या अक्षरात घाल.

थंडी सुरू झालीय, गळ्याला गुंडाळत जा. लोभ वाढवायचा असेल तर आधी ती पाकिटं पेटीत टाक.

तुझी,
तोमिएताई