ऑरिनच्या विजारीच्या मुठी

ओहायो, १० डिसेंबर १८९४

मिसेस टटल यांस,

मुठी खरोखर कशासाठी होत्या हे कळल्यावर, टाके कच्चे राहिले म्हणून ऑरिन पडला का, असं तुम्ही पत्रात विचारलंत. दोष तुमचा नाही, एवढंच मी उत्तरात कळवलं. हे दुसरं पत्र मी पाठवणार नाही.

सप्टेंबरात त्याच्या फुटबॉलच्या विजारीला कमरेशी दोन कातडी मुठी शिवून मागितल्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मुठी कशाला रे?" विजार वाळत टांगायला, असं मी सांगितलं. बाहेर आल्यावर ऑरिन हसला. "बरं केलंस, कप्तान. खरं कळलं असतं तर आईने मुद्दाम कच्चे टाके घातले असते."

संघात तोच सगळ्यात हलका. तो चेंडू पोटाशी धरायचा आणि मी आणि आणखी एक गडी त्या मुठींना धरून त्याला समोरच्या संघाच्या गर्दीवरून रेषेपलीकडे फेकायचो; चेंडूसकट रेषा ओलांडली की गुण मिळायचे. हंगामभर असेच जिंकलो. शेवटचा सामनाही जिंकलो. त्यात तो मानेवर पडला आणि डॉक्टर येईपर्यंत गेला.

विजार माझ्याकडेच राहिली. आज ती धुतली आणि त्याच मुठींनी वाळत टांगली. एकही टाका उसवलेला नाही.

तुमच्या घरी जेवलेला,
लेलंड प्रुइट