निळ्या नळीचा नवस

५ सप्टेंबर १९६५, रविवार
डॉक्टर म्हणाले, लघवीतली साखर घरीच तपासत जा. फॅक्टरीच्या लॅबमधल्या माणसाला हे काय शिकवता! काचेच्या नळीत बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळलं. विटेसारखं लाल. म्हणजे साखर भरपूर; निळंच राहिलं असतं तर साखर नाही. बायको, पुष्पा, सिगडीपाशीच रडायला लागली. आजपासून गोड बंद. कायमचं.

८ सप्टेंबर
पाकिस्तानशी लढाई, म्हणून फॅक्टरीत ओव्हरटाइम. सुटल्यावर खोव्याची जलेबी. दोनच. (चार.)

९ सप्टेंबर
मन खात होतं, म्हणून लॅबमध्ये घरची साखर बेनेडिक्टमध्ये उकळून पाहिली. निळं ते निळंच! उसाच्या साखरेचं इथे ऑक्सिडेशन होत नाही, ग्लुकोजचं होतं. मग जलेबीचा काय दोष? पोटात तिचं ग्लुकोज होतं असं पुस्तकात आहे, पण पुस्तक विलायती पोटांसाठी लिहिलंय.

१२ सप्टेंबर, रविवार
पुष्पा नळीसमोर येऊन बसली. ती यायच्या आधीच मी लघवीऐवजी नळाच्या पाण्याचे आठ थेंब टाकले होते. निळं! तिने हात जोडले. एवढ्या एकाच वेळेपुरतं.

१३ सप्टेंबर
घात झाला. निळं आलं तर जन्मभर साखर सोडीन, असा नर्मदामाईला तिचा नवस होता. सोडली. मी रागावलो, तर म्हणाली, काहून? नवस काय फुकट असते का? तिच्या वाट्याची रेशनची साखर आता माझ्या चहात. म्हणे, ओव्हरटाइम करून राहिले, ताकद पाहिजे. लाज वाटली. प्यालो.

१९ सप्टेंबर, रविवार
आज सांगणारच होतो. शेजारच्या सत्यभामाकाकू आल्या. चारचौघांत तमाशा नको. पुन्हा पाणी.

२३ सप्टेंबर
लढाई थांबली. काकूंनी पेढे दिले. पुष्पाने तिचा माझ्या हातावर ठेवला. नको म्हणायला हवं होतं. खाल्ला. हल्ली तहान फार लागते. उकाडाच आहे तसा.

२६ सप्टेंबर, रविवार
नवरात्रात खोटं नको. पुष्पासमोर खरे आठ थेंब टाकले. लालभडक. सगळं कबूल करायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलली. म्हणाली, तुमचं काही चुकलं नाही जी, तुम्ही तर इतकं पाळून राहिले. माझ्याच नवसात खोट राहिली असेल. उद्यापासून मीठही सोडते.
मी म्हणालो, निदान सैंधव तरी खात जा.