काचेवरचं कुंकू

गुरुवार, संध्याकाळ

परळच्या आमच्या लॅबमध्ये एक प्रेशर गेज अकरा महिने एकाच स्टँडवर आहे. तो हलवायचा नाही, दर महिन्याला तेवढाच दाब द्यायचा आणि काटा तिथेच येतो का ते बघायचं, एवढंच माझं काम. आज काटा सरकला. रजिस्टरमध्ये मी ‘गेज बाद’ लिहायलाच घेतलं होतं.

तेवढ्यात सावंतकाका, आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन, वाकून म्हणाले, “काचेर ह्या कुंकू कसला गो?”

दसऱ्याच्या पूजेला मीच तो गेज काढून हत्यारांसोबत पाटावर ठेवला होता. परत लावताना तिरका बसला असणार. काकांनी लेव्हल लावून सरळ केला, आणि काटा जागेवर! चांगल्या गेजला बाद करत होते मी. एवढं कुंकू मला कसं दिसलं नाही?

“आता खरा काय ता लिव,” काका म्हणाले.

लिहिलं: पूजेसाठी हलवला, चूक माझी. सहीसाठी रजिस्टर साहेबांकडे नेताना पाहिलं, तर खाली काकांच्या अक्षरात आणखी एक ओळ: ‘पूजेचा पाट मी मांडला होता. चूक दोघांची.’

काका पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. इतक्या वर्षांत त्यांच्या नावावर एकही चूक नव्हती.