धुराच्या बाजूने

१२ मार्च २००३
भिं. १९. वारा भट्टीकडून. काल वारा उलट होता तेव्हा ११. भर दुपारी बारा, तेच भिंग, तसाच काळा पुठ्ठा. आकडे म्हणजे भिंगाखालच्या पुठ्ठ्याला उन्हाने छिद्र पडेपर्यंतचे सेकंद. मधूच्या वीटभट्टीने ऊन इतके अडवले. सौ.चा खोकला दिवसभर. भट्टीच्या पुढील हंगामाच्या ना-हरकत दाखल्यावर १ मेच्या ग्रामसभेत हरकत घेणार. सख्खा पुतण्या असला तरी.

१५ मार्च
मधू कुंपणापाशी. भिंग पाहून हसला. "काका, तुमीच मोजलंय ना, ऊन कमी झालं? ऊन कमी म्हंजे गारवा. जग तापतंय म्हणून पेपरवाले बोंबलतात, आन आमी फुकट सावली धरतो ती तुमाला नको! आन तुमच्या शेतात राब कोन भाजतो, देव?"
उद्धट. परंतु उद्धटपणा हा हेत्वाभास, म्हणजे तर्कातला दोष, नव्हे. राबाचा, म्हणजे भातरोपाच्या जागेवर जाळलेल्या पालापाचोळ्याचा, धूर एका दिवसाचा; भट्टीचा पाच महिन्यांचा. तो आक्षेप टिकत नाही. सावलीचा टिकतो.

२० मार्च
मजूर होळीला गावी, भट्टी थंड. भिं. ९. ओटीवरचा तापमापक एक अंश वर. एका दिवसावरून नियम निघत नाही. तरीही त्याचा मुद्दा खरा निघावा, आणि तोही माझ्याच भिंगातून…

६ एप्रिल
शहापूरच्या वाचनालयात दोन दिवस. उत्तर मिळाले. धूर ही छत्री. तिचे कण आठवड्या-दोन आठवड्यांत खाली बसतात. त्याच कोळशाचा न दिसणारा वायू ही घोंगडी; ती पिढ्यान्‌पिढ्या अंगावर राहते. घोंगडी पांघरणाऱ्यानेच छत्री धरली, तर त्याचे आभार कसले? शिवाय काजळी ऊन परतवत नाही. पिते आणि हवा तापवते. आणि ही छत्री सौ.च्या छातीतून जाते.

१ मे
ग्रामसभा. पाठशाळेत शिकलो त्या रीतीने आधी पूर्वपक्ष मांडला. म्हणजे प्रतिपक्षाची बाजू, त्याला जमणार नाही इतकी भक्कम करून. धूर ऊन अडवतो; भट्टी थंडावली त्या दिवशी उष्मा वाढला; माझीच मोजणी साक्षी. टाळ्या. मागून कोणीतरी, "मास्तरच बोल्ले, आता कोन काय बोलनार!" मी "परंतु" म्हणेपर्यंत सरपंच उठले होते, सतरंजी गुंडाळली जात होती.
घरी सौ.: "माझाही हात टाळीला उठला होता. तुमची बाजू केव्हा सांगणार होतात?"

३ मे
मधू ग्रामसेवकाकडून सभेच्या इतिवृत्ताची वही घेऊन दारात. नोंद: 'मास्तरांनी भट्टीस पाठिंबा दिला.'
"सही करा, काका. गावादेखत बोल्लात, आता नाय कसं म्हणाल?"
विधाने माझी, निष्कर्ष माझा नव्हे. वाचून देतो म्हणालो. तो म्हणाला, "वाचा की. तासाभरानं येतो." मग आत वाकून, "काकू, खोकल्याला अडुळसा घ्या हो!"
एवढ्या मायेने. या माणसाला मी अक्षरे शिकवली.
नोंदीखाली चार बोटे जागा कोरी. उत्तरपक्ष, म्हणजे माझी राहिलेली बाजू, बारीक अक्षरात मावेल की नाही, सांगता येत नाही. भिं. १९. सौ. आत खोकते आहे. वळणावर मधूची मोटारसायकल.
वहीत 'परंतु' एवढे लिहून झाले आहे.